'सगळ्यांनी रेव्हिटच घ्या' म्हणणाऱ्यांना उत्तर

आलेखक: काल एका सल्लागारांनी लिहिलं, "आयएफसीचा नाद सोडा, प्रकल्पावर सगळ्यांनी रेव्हिट घ्या, प्रश्न मिटला." राहवलं नाही म्हणून लिहितोय. रेव्हिट म्हणजे ऑटोडेस्क कंपनीचं इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर; आयएफसी म्हणजे असं मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा खुला फाइल-प्रकार. आमचं चार जणांचं ऑफिस. रेव्हिटचं दर वर्षी भाडं भरायचं आणि ते थांबलं की स्वतःच्याच मॉडेलात बदल करता येत नाही. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या नामांकित वास्तुविशारद कंपन्यांनी ऑटोडेस्कला खुलं पत्र लिहिलं, त्यातही वाढता खर्च आणि रेव्हिटचा रखडलेला विकास हीच गाऱ्हाणी होती. शिवाय नव्या रेव्हिटची फाइल जुन्यात उघडत नाही. मग एकच सॉफ्टवेअर घेऊन तरी मिटलं काय? आयएफसी 2013 पासून आयएसओ 16739 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. आपली इमारत पन्नास वर्षं उभी राहणार, तिची माहिती तेवढी टिकायला नको?

गजकांबी: हे बोलायला सोपं आहे. मी स्ट्रक्चरवाला. एका इस्पितळाच्या कामात आर्किटेक्टकडून आयएफसी आली, तर निम्मे बीम 'प्रॉक्सी' होऊन आलेले. आकार दिसतोय, पण तो बीम आहे हे माझ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. दोन रात्री जागून सगळे नव्याने काढले. तेव्हा तुमचा आयएसओ कुठे होता?

आलेखक: घटकांना वर्ग न नेमता एक्स्पोर्ट केलं की हेच होणार. चूक पाठवणाऱ्याची आहे.

गजकांबी: चूक त्याची आणि जागरण माझं!

मोजमापवाला: बीम राहू द्या, प्लास्टरचं बोला. आयएस 1200 या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे 0.5 चौ.मी.पर्यंतच्या ओपनिंगची, म्हणजे दारं-खिडक्यांच्या जागेची, वजावट नाही. 0.5 ते 3 पर्यंत भिंतीच्या एकाच बाजूची. त्यापुढे दोन्ही बाजूंची, पण कडा वेगळ्या मोजायच्या. मॉडेलने मला सगळी ओपनिंग वजा करून निव्वळ क्षेत्रफळ दिलं, त्यावर बिल केलं आणि ठेकेदार ऑफिसात येऊन भांडला. खिडकीच्या भोकाचेही पैसे हवेत त्याला.

साइटवरची: भोकाचे नाहीत, कडांचे! माझे वडील गवंडी होते. ओळंबा लावून खिडकीच्या कडा सरळ करताना अर्धा दिवस जायचा, तेवढ्यात सपाट भिंत होऊन जाते. वजावट सोडतात ती त्या मजुरीपोटी. थापी हातात न धरलेल्यांनी ठेकेदाराला लुटारू ठरवू नये.

मोजमापवाला: लुटारू मी म्हटलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. वीस वर्षं मोजमाप वह्या लिहितोय मी.

साइटवरची: मग वीस वर्षांत कडा दिसल्या कशा नाहीत?

मोजमापवाला: दिसल्या. त्या बिलात माझं चुकलं, हेही मानतो. पण आकडा मॉडेलचा होता.

आलेखक: एक्स्पोर्ट करताना बेस क्वांटिटीज, म्हणजे घटकांची मूळ मापं, चालू ठेवल्या, तर भिंतीचं एकूण आणि निव्वळ क्षेत्रफळ, खिडकीची मापं, सगळं येतं. आयएस 1200 आपण लावायचा. तो सगळे मानतात म्हणून तर ठेकेदाराशी भांडण मिटवता येतं. मी मॉडेलसाठी तेवढंच मागतोय.

गजकांबी: बरं. कोणता घटक कोणत्या वर्गात द्यायचा, हे पुढच्या करारात लिहून घेतो. तरीही प्रॉक्सी आले, तर जादा कामाचं बिल आर्किटेक्टला जाईल.

आलेखक: चालेल. लिहून घ्या.

साइटवरची: त्याच करारात कडांची मापंही घाला.