स्पॅममध्ये टाकलेली मेल: सांगायचं तरी कोणी?

संत्रावाला, वरूड
मृग बहाराच्या तोडीला चेन्नईच्या एका व्यापाऱ्यानं आमच्या शेतकरी गटाला मेलवर दर विचारला. मेल पडली स्पॅममध्ये, मला दिसली अकराव्या दिवशी. तोवर त्यानं दुसरीकडून गाड्या भरल्या अन् आमचा माल झाडाखाली गळत होता. नवा पत्ता, सोबत एक फाईल, 'तातडीनं दर कळवा', एवढाच तिचा गुन्हा. संशय घ्यायला हरकत नाही. पण मला न सांगता मेल बाजूला ठेवायची, अन् पाठवणाऱ्याला वाटू द्यायचं की पोचली, हे मला मान्य नाही.

सेवा केंद्रवाला, मोर्शी
भाऊ, नुकसान झालं हे खरं. पण माह्या केंद्रावर कास्तकार मोबाईल घेऊन येतात, 'हप्ता अडकला, इथं दाबा'. एका म्हाताऱ्यानं दाबलं अन् सोयाबीनचे पैसे गेले. तो मेसेज फोनवर आला होता, तिथं गाळणारं कोणी नव्हतं. मेलची चाळणी सैल केली तं पहिला मार अशाच मानसाले बसन.

संत्रावाला, वरूड
सैल करा म्हणतच नाही. दारातच नाकारा! सर्व्हरनं मेल घेतलीच नाही तर पाठवणाऱ्याला ती परत आल्याचा निरोप मिळतो, तो फोन तरी करतो. स्पॅममध्ये टाकली की दोघंही अंधारात.

आर्वीकर, सध्या नागपूर
मी हॉस्टिंगचं, म्हणजे लोकांच्या वेबसाइट अन् मेल सर्व्हरवर चालवायचं काम करतो. प्रत्येक नकार कळवला तर चोरही शिकतो, कशानं अडलं अन् कशानं सुटलं. शिवाय व्यापाऱ्याची बाजू बघा. छोट्या धंद्यांच्या शेकडो वेबसाइट एकाच आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच सर्व्हर-पत्त्यावर असतात. एकानं कचरा पाठवला की सगळ्यांचीच पत जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ (आपल्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतं, दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्याला दोन्ही, वर डीमार्क (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ती सूचना). बऱ्याच जणांनी हे लावलेलंच नसतं.

संत्रावाला, वरूड
म्हणजे एसपीएफ व्यापाऱ्यानं लावायचं, स्पॅम मी चाळायचं. मेल अडवणाऱ्यानं काय करायचं? जीमेलमध्ये स्पॅम ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तोडणीच्या धावपळीत महिना कधी सरतो कळत नाही. रोज संध्याकाळी एक ओळ द्या: आज या दोघांच्या मेल अडवल्या. मला एवढंच पुरे.

सेवा केंद्रवाला, मोर्शी
ज्या पोरायची मेल मी काढून दिली, त्यायचं स्पॅम मी दर सोमवारी त्यायच्यासमोर पाहतो. कॉलेज प्रवेशाचं एक पत्र तिथंच सापडलं होतं, म्हणून तुमचं म्हणनं पटते. पण त्या म्हाताऱ्याले रोज नावं दाखवली तं तो उघडनच. यादी द्या, मांगनाऱ्यालेच द्या.