सुरुवातीच्या इंटरनेटनं सामान्य माणसाला खरंच काही दिलं का?

जुनामोडेम: मला मनापासून वाटतं की दिलं, आणि भरभरून दिलं. एप्रिल १९९५ मधली बीजिंगची गोष्ट घ्या. एक विद्यार्थिनी कोमात, डॉक्टरांना निदान होईना, शेवटी तिच्या मित्रांनी सगळी लक्षणं इंग्रजीत टाईप करून यूजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चागटांवर, टाकली आणि कुठकुठल्या देशांतल्या डॉक्टरांनी कळवलं की हे थॅलियमचं विष वाटतंय, तपासून घ्या. तपासलं तर तेच निघालं. ओळख ना पाळख, तरी लोक धावून आले!

रातकिडा: गोष्ट खरी आहे पण पुढचं पण सांगा ना. संदेश टाकल्यापासून ती तपासणी व्हायला दोन आठवड्यांच्या वर गेले, पोरगी वाचली पण कायमची अपंग झाली. नेटवर उत्तर आलं होतं हो, ते ऐकून घेणारं कुणी नको का? आणि ते मित्र विद्यापीठातले, इंग्रजी येणारे. १९९५ मध्ये जगातले एक टक्का लोकसुद्धा ऑनलाइन नव्हते. यात सामान्य माणूस कुठे आला?

सुमेधा_क: रातकिडा, टक्के असे मोजून चालत नाही. माझी बहीण परदेशात शिकायला होती, पत्र पोचायला दोन-दोन आठवडे लागायचे. मग तिचं ईमेल माझ्या ऑफिसात यायला लागलं आणि मी प्रिंट काढून घरी न्यायचे. आईनं जन्मात कधी माउसला हात लावला नाही, पण तो कागद ती अगदी वरच्या तारीख-वेळेपासून मोठ्यानं वाचायची, "काल रात्री सव्वाअकराला लिहिलंय बघ, म्हणजे अजून जागी राहते ही." तुमच्या त्या एक टक्क्यात आई नव्हतीच. तिला काहीच मिळालं नाही म्हणता?

रातकिडा: ताई, हे वाचून गलबलून आलं, खरंच. आईंचं मान्य. पण ते ईमेल घरी आणायला तुम्ही होतात, ज्यांच्या घरात असं कुणीच नव्हतं त्यांचं काय? आणि लिपीचं पण बघा, सगळा कारभार इंग्रजी अक्षरांचा, अरबी बोलणारी पोरं चॅटवर 'ऐन' या अक्षरासाठी ३ चा आकडा दाबायची आणि 'हा' साठी ७ चा, का तर आकार थोडाफार जुळतो म्हणून. स्वतःची भाषा आकड्यांत लिहायची वेळ आली, याला मी तरी देणं म्हणणार नाही.

जुनामोडेम: मी तर त्यालाच देणं म्हणेन! कुणी शिकवलं नाही, कुणाची परवानगी नाही, पोरांनी आपली आपण वाट काढली. आणि ती काढता आली कारण सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं ३० एप्रिल १९९३ ला वेब सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं करून टाकलं होतं. तेव्हा त्यावर फी लावली असती तर सुमेधाताईंची आई राहू द्या, तुमचा तो एक टक्का तरी झाला असता का?

रातकिडा: फीचं पटलं. भाषेचं नाही पटलं, त्यावर मी ठाम आहे.