मदत हवी आहे: आईसाठी श्वासावाटे घ्यायचं इन्सुलिन

नमस्कार मंडळी. आई बरीच वर्षं इन्सुलिनवर आहे. पोटावर टोचून टोचून गाठी झाल्यात. तिथेच टोचलं की औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून डॉक्टरांनी जागा बदलायला सांगितलंय. पण ती ऐकेल तर शपथ, गाठीवर कमी दुखतं म्हणे!

आता 'अफ्रेझा' या श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनबद्दल वाचलं. अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, भारतात सिप्लाला डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. जेवणाच्या सुरुवातीला इनहेलरने पावडर ओढायची, ती फुप्फुसातून थेट रक्तात जाते. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर मात्र चालत नाही, आणि सुरू करण्याआधी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करावी लागते. आईला दमा नाही, पण चुलीच्या धुरात अर्धं आयुष्य गेलंय.

कुणाच्या घरी वापरात आहे का? खोकला येतो का? ४, ८, १२ युनिटच्याच कार्ट्रिज असतात, मग सध्या ६ युनिट घेणाऱ्याचा डोस कसा बसवला? महिन्याचा खर्च किती? रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन टोचावंच लागणार, हे माहीत आहे. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जातोय, त्याआधी अनुभव कळले तर नेमकं विचारता येईल. मेथीचं पाणी वगैरे कृपया नको, ते सगळं करून झालंय.