सल्ला हवा: सिगरेट सोडायची म्हणणारे पेशंट परत येतच नाहीत

रातपाळी_सिस्टर:
लहान दवाखान्यात नर्स आहे. आमचे बहुतेक पेशंट रोजंदारीवाले. सिगरेटचं विचारलं की सोडायचीय म्हणतात, मी दोन मिनिटं समजावते, पत्रक देते, माना डोलावतात आणि पुढच्या तारखेला फिरकतच नाहीत. समुपदेशनाला वेगळा वार ठेवला तर तिथे शुकशुकाट. कोणी जमवलंय का हे?

ओपीडीवाला:
आधी तो वेगळा वार बंद करा. परत यायचं म्हणजे एक खाडा, दिवसाची मजुरी गेली, कोण येणार? बीपी-शुगरला येतो त्याच खेपेला सोडायची तारीख ठरवा आणि तलफ कमी करणारे निकोटिनचे पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) आणि गम (चघळायचा) तिथेच हातात द्या, बाहेरची चिठ्ठी नको. निकोटिन पॅच-गम 2009 पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, वर साठा मागताना हे लिहा. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटवणाऱ्याला 4 मिग्रॅ गम, बाकीच्यांना 2. जास्त ओढणाऱ्याला पॅच आणि गम दोन्ही, एकट्यापेक्षा बरं चालतं. गरोदर किंवा नुकताच अटॅक येऊन गेलेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सुटलो_एकदाचा:
मी पेशंटच्या बाजूने सांगतो. मला गम दिला पण खायचा कसा ते कोणी सांगितलंच नाही, मी आपला साध्या च्युइंगगमसारखा चघळत बसलो, घसा जळला, उचकी लागली, पाकीट फेकलं आणि सिगरेट पेटवली. दुसऱ्या खेपेला एका सिस्टरने समोर बसवून खायला लावला. हळू चावायचा, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, ते गेलं की परत चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला हो, जेवणाच्या सुट्टीत, नेमके सगळे बाहेर ओढत उभे होते तेव्हा!

रातपाळी_सिस्टर:
गम खायची पद्धत मीही कधी दाखवली नाही, खरंय. पण फोनवर "ओढली परत" म्हणाला तर?

ओपीडीवाला:
ओरडू नका, नाहीतर पुढचा फोन उचलणार नाही. कुठे, कोणाबरोबर ओढली एवढंच विचारा. एक ओढली म्हणून पॅच काढायला लावू नका, पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो.

रातपाळी_सिस्टर:
ठीक. जेवणाची सुट्टी कधी असते ते उद्यापासून केसपेपरवरच लिहून घेते.