मदत हवी आहे: उतारावर ब्रेक दाबता येईना, ग्लोव्हज कुठले घेऊ?

रानवाट
काल माउंटन बाइकवर पहिली क्रॉस-कंट्री रेस केली. चार फेऱ्या होत्या. पहिली मस्त गेली, चढावर सात-आठ जणांना मागे टाकून वर आले. दुसऱ्या फेरीत मुळं आणि दगडांचा लांब उतार आहे तिथे बोटं वळायला लागली. तिसऱ्या फेरीत ब्रेक दाबलाच जाईना. ब्रेक चांगले आहेत, बोटंच मिटत नव्हती. शेवटी उतरले आणि सायकल ढकलत खाली आले. ज्यांना चढावर मागे टाकलं होतं ते सगळे शेजारून गेले, एक जण तर "बरी आहेस ना" विचारून गेला. चौथ्या फेरीला वेळ संपली म्हणून सोडलंच नाही.
पुढची रेस तीन आठवड्यांनी. ग्लोव्हज जेलवाले घ्यावेत की पातळ? अर्ध्या बोटांचे की पूर्ण? लवकर सांगा, मागवायचे आहेत.

चेनरिंग
सायकल कुठली? फोर्क (पुढचा शॉक) कुठला? टायर केवढा, हवा किती? तुमचं वजन? ब्रेक डिस्क की रिम? यातलं काहीच न सांगता फक्त ग्लोव्हज विचारले तर काय सांगणार.

तेलकट_हात
पातळच घे भावा. जेलच्या गादीने मूठ जाड होते, आणि जाड मूठ आवळायला जोर जास्त लागतो. पूर्ण बोटांचे घे, पडलास तर सालं निघत नाहीत.

बिनट्यूब
ट्यूबलेस कर. मी चार वर्षांपूर्वी केलं, टायरची हवा पुढे १८, मागे २० पीएसआय. तेव्हापासून हात दुखणं हा विषयच संपला.

चेनरिंग
ट्यूब आहे की नाही हे तरी अजून कुठे सांगितलंय?

बिनट्यूब
नसेल तर चांगलंच आहे की.

रानवाट
'भावा' नको, धाग्यात 'आले' लिहिलंय मी. हार्डटेल आहे (शॉक फक्त पुढे), २९ इंची, हायड्रॉलिक डिस्क. ट्यूब आहे. हवा अंगठ्याने दाबून बघते, कडक होती. हे सगळं नॉर्मलच आहे ना? प्रश्न हाताचा आहे. अर्धी बोटं की पूर्ण?

दमलेला_घोडा
पाण्यात क्षार घातले होते का? दोन तास घाम गाळून नुसतं पाणी प्यायलं की पेटके येणारच. ग्लोव्हजने काही होणार नाही.

उतारकरी
घोडेराव, क्षार कमी पडले असते तर पिंढऱ्या आणि मांड्या आधी वळल्या असत्या, कारण चढावर सगळं काम त्यांनी केलं. इथे पाय ठणठणीत आणि फक्त हात गेले. हा आर्म पंप आहे. मोटोक्रॉसवाल्यांचा जुना आजार. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू सतत आवळलेले राहिले की त्यांच्यातून रक्त नीट फिरत नाही. मग तो भाग फुगतो, दगडासारखा होतो आणि बोटं ऐकेनाशी होतात. पाच मिनिटं थांबलं की बरं वाटतं, पुढच्या उतारावर परत तेच.
रानवाट, तीन गोष्टी सांग. ब्रेक किती बोटांनी धरतेस? उतारभर दाबून ठेवतेस की मध्ये सोडतेस? आणि उतारावर बसलेली असतेस की उभी?

रानवाट
अगदी असंच झालं! थांबले की बरं, परत निघाले की तेच.
दोन बोटांनी धरते, कधी कधी तीन. उतारभर धरूनच असते, नाहीतर सुटेन ना. उभी असते बहुतेक. लिव्हर जरा लांब आहे, बोटांची शेवटची पेरंच पोचतात. पण ते सगळ्यांचंच असं असतं ना?

उतारकरी
नसतं. लिव्हरच्या आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, काही ब्रेकला हाताने फिरवायचं बटण असतं. तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येतो. पहिल्या पेराच्या सांध्यापाशी लिव्हर बसला पाहिजे. मग ब्रेकचा पट्टा सैल करून अख्खा ब्रेक हँडलवर आत सरकव, इतका की फक्त तर्जनी ठेवली तर ती लिव्हरच्या टोकाच्या वळणावर पडेल. टोकाशी ओढलं की जोर कमी लागतो, तरफेचा साधा हिशोब. हायड्रॉलिक डिस्कला एक बोट पुरतं. उरलेली तीन बोटं मूठ धरायला.
आणि उतारभर दाबून ठेवू नकोस. सरळ, सपाट तुकडा दिसला की तिथे दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरव, मग सोड आणि मुळांवरून चाकं मोकळी जाऊ दे. सुरुवातीला भीती वाटते, मान्य. पण मुळावर ब्रेक दाबलेलं चाक अडतं, सुटं चाक वरून निघून जातं.

तेलकट_हात
मुळांवर ब्रेक सोड हे नवशिक्याला सांगणं सोपं आहे. पडली तर?

उतारकरी
तिसऱ्या फेरीत तिच्याकडे ब्रेकच नव्हता. त्यापेक्षा हे बरं.

गंजका_नट
अवांतर: ब्रेकवरून आठवलं. १९७६ साली कॅलिफोर्नियात रीपॅक नावाच्या उताराच्या शर्यती सुरू झाल्या, माउंटन बाइक शर्यतींचं मूळ म्हणतात ते हेच. जुन्या जाड टायरच्या सायकली, मागच्या हबमध्ये पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर ते परत भरावं लागायचं. म्हणून नाव रीपॅक. शॉकवाला फोर्क नाही, डिस्क नाही. त्यानंतर २० वर्षांत, १९९६ ला अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेलाही. आताची पोरं १०० मिमीचा फोर्क असून हात दुखतो म्हणतात.

चेनरिंग
काका, पॅडल ब्रेकवाल्यांची बोटं दुखणार कशी? ब्रेक पायाने लागायचा.

गंजका_नट
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दमलेला_घोडा
मुद्दा तोच, मनगट मजबूत करा. टॉवेल पिळायचा, रोज पन्नासदा.

चेनरिंग
फोर्कवर कोणी बोलतच नाहीये. रानवाट, फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी कडं असतं. रेसनंतर ते कुठे होतं? फोर्क किती दबला ते त्यावरून कळतं.

रानवाट
कडं आहे. आता जाऊन पाहिलं. खालून साधारण चार बोटं वर आहे. १०० मिमीचा फोर्क आहे (हे स्टिकरवर लिहिलंय).

चेनरिंग
तुमची चार बोटं म्हणजे ६०-६५ मिमी. मुळा-दगडांच्या तीन फेऱ्यांत ९० च्या आसपास जायला हवं होतं. फोर्क फार कडक आहे, उरलेला सगळा मार हातांनी खाल्ला. वजन किती? हे मी तिसऱ्यांदा विचारतोय.

रानवाट
दुसऱ्यांदा. ५३ किलो. पण फोर्कला मी हातच लावलेला नाही, मावसभावाने दिला तसाच आहे.

उतारकरी
मावसभावाने?

रानवाट
सायकल त्याची आहे. तो आता फारशी चालवत नाही म्हणून मी रेसला नेली. सांगितलं नव्हतं का? तो ८६ किलोचा आहे, त्याने काय फरक पडतो?

चेनरिंग
🤦

तेलकट_हात
ग्लोव्हज मागवले नसशील तर थांब.

उतारकरी
सगळाच फरक पडतो ताई. एअर फोर्कमधली हवा रायडरच्या वजनाप्रमाणे भरायची असते. लिव्हरही त्याच्याच हाताच्या मापाने लावलेले आहेत.
शॉक पंप मिळव, चाकाचा पंप चालत नाही. रेसच्या कपड्यांत, पाण्यासकट सायकलवर पेडलवर उभी राहा, कोणाला तरी हँडल धरायला सांग, कडं खाली टेकव आणि न हिसकता उतर. १०० च्या फोर्कला कडं १५ ते २० मिमीवर यायला हवं. हवा थोडी काढायची, फोर्क चार-पाच वेळा दाबायचा, मग परत मोजायचं, कारण आतल्या दुसऱ्या कप्प्यातली हवाही सारखी व्हावी लागते. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा, फोर्कमधली नाही, घाबरून परत भरू नकोस. आणि हवा कमी केलीस की खालचं रिबाउंडचं बटणही एक-दोन क्लिक मोकळं कर, नाहीतर फोर्क दबला की वर यायला उशीर करतो आणि एकामागून एक मुळांवर खाली खालीच बसत जातो.
टायरची हवा मात्र मोजच. अंगठ्याला सगळं 'कडक'च लागतं.

बिनट्यूब
१८ ठेव.

चेनरिंग
ट्यूबवर १८ ठेवलं तर पहिल्याच दगडावर रिम आणि दगडात ट्यूब चिमटेल आणि दोन भोकं पडतील. दुसऱ्या फेरीआधीच चालत येईल ती. ५३ किलोला, ट्यूबवर, २५ च्या आसपास सुरू करा.

बिनट्यूब
म्हणून तर म्हणतोय ट्यूबलेस कर.

रानवाट
सगळ्यांचे आभार, घोडेराव तुमचेही (टॉवेल पिळतेय).
टायरमध्ये ४४ पीएसआय निघालं! आता पुढे २४, मागे २६. कडं आधी ७ मिमीवर येत होतं, आता १८ वर आहे. ब्रेक आत सरकवले, लिव्हर जवळ आणले. काल त्याच उतारावर पाच वेळा लागोपाठ गेले, चौथ्या वेळेपर्यंत एका बोटाने निभावलं, पाचव्याला घाबरून परत दोन लावली. हात भरून आले, पण बोटं मिटत होती. ब्रेक सोडायचं मात्र अजून जमत नाही, मुळं दिसली की हात आपोआप आवळतो.
आता नवीन अडचण. मावसभावाला रविवारी सायकल हवीये. "माझं होतं तसं करून दे" म्हणतोय. आधीचं प्रेशर मी लिहून ठेवलं नव्हतं. ८६ किलोला फोर्कमध्ये किती भरू? लवकर सांगा.

चेनरिंग
फोर्क कुठला?