कार्कासोन गाळा, मिनेर्वला मुक्काम करा (मतभेद येऊ द्या)

उनाड_पावलं (धागाकर्ता)

दक्षिण फ्रान्सची सहल ठरली की आपली मंडळी डोळे झाकून यादीत कार्कासोन टाकतात. दुहेरी तटबंदी, बावन्न बुरूज, टोकदार छपरं, फोटो झकास. माझं म्हणणं: ते सरळ गाळा आणि तो वेळ चाळीसेक किलोमीटरवरच्या मिनेर्व गावाला द्या.

कार्कासोनला जे दिसतं त्यातलं बरंचसं १८५३ नंतर व्योले-ल्यु-द्युक या वास्तुकाराने उभं केलंय. पाटीच्या दगडाची ती टोकदार छपरं उत्तर फ्रान्सच्या थाटाची. या उन्हाच्या मुलखात घरांवर कौलं असतात. आत शिरलं की प्लास्टिकच्या तलवारी आणि आइस्क्रीमच्या रांगा.

मिनेर्वला उभं असं फारसं काही नाहीच. सेस आणि ब्रियाँ या नद्यांनी चुनखडी कापून केलेल्या दोन घळींच्या बेचक्यात गाव, वस्ती जेमतेम शंभर-सव्वाशे. पठाराला जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवर किल्ला होता. त्यातला अष्टकोनी बुरुजाचा एक उभा तुकडा उरलाय. पण १२१०चा वेढा समजून घ्यायला तेवढं पुरतं. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथाच्या लोकांनी इथे आसरा घेतला होता. चर्चच्या बाजूने लढणाऱ्या सिमों द माँफोर या सेनापतीने समोरच्या पठारावर दगडफेकी यंत्रं मांडली. गावाची पाण्याची भिस्त कड्याच्या पायथ्याच्या विहिरीवर. यंत्रांनी ती विहीर आणि तिकडे उतरणारी झाकलेली वाट फोडली, आणि ऐन उन्हाळ्यात, साधारण सात आठवड्यांनी, गाव शरण आलं. श्रद्धा सोडायला नकार देणाऱ्या १४० जणांना जिवंत जाळलं.

विहिरीपाशी उतरून मान वर केली की समोरचा कडा किती जवळ आहे ते दिसतं. त्या पठारावर यंत्राची लाकडी प्रतिकृतीही ठेवलीय. तटावर तिकीट काढून फिरण्यापेक्षा हे मला शंभर पटीने मोलाचं वाटतं. घ्या, आता फोडा.

गणिती_काका

फोडतो. बरोबर सत्तरीचे आई-बाबा आणि शाळकरी मुलगी. कार्कासोनला रेल्वे थांबते, मिनेर्वला स्टेशनच नाही. भाड्याची गाडी घ्यायची तर आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट काढा, उजव्या बाजूने चालवा, घाटातली वळणं सांभाळा. एवढं करून गाडी गावाबाहेर पैसे भरून लावायची आणि पुढे चढ-उतार दगडी फरसबंदीवरून पायी. विहिरीपर्यंतची उतरण तर आईच्या गुडघ्यांना झेपायचीच नाही. गाव बघून होतं दीड-दोन तासांत. मुक्कामात करायचं काय, एकमेकांची तोंडं बघायची?

सह्यवेडा

धागाकर्त्याशी साफ असहमत, आणि माझं कारण गुडघे नाहीत.

'नंतर उभं केलेलं' म्हणजे खोटं, हे कुठलं शास्त्र? १८५०च्या सुमाराला कार्कासोनची तटबंदी पाडायला निघाले होते. लोक दगड घरबांधणीला नेत होते. क्रो-मेरव्हिएय नावाचा स्थानिक इतिहासप्रेमी आणि सरकारी स्मारक-निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे मागे लागले म्हणून ती वाचली. छपरांबद्दलची टीका मान्य, ती त्या काळातही झाली. पण आतल्या तटाशी जवळ जाऊन बघा: लहान दगडांच्या थरांमध्ये लाल विटांचे पट्टे दिसतात. ते रोमन काळाच्या शेवटचं काम आहे, कुणा व्योले-ल्यु-द्युकचं नव्हे.

आपल्याकडे ढासळलेल्या बुरुजाकडे बघून 'काय ते मूळ रूप' म्हणत उसासे टाकणारे खूप आहेत. पुढच्या चार पावसाळ्यांत तो बुरूजही जातो, उसासेही जातात. पडझडीचं प्रेम मला परवडत नाही.

उनाड_पावलं

@सह्यवेडा, वाचवण्याला माझा विरोध कधी होता? वाचवा, जरूर वाचवा. वाचवलेलं बघायला माझी सुट्टी खर्ची घालू नका, एवढंच.

@काका, दीड तासात फक्त गल्ल्या होतात. सेस नदीने गावाच्या शेजारी डोंगर आरपार पोखरलाय. मोठं भगदाड दोनशे मीटरांहून लांब आहे. उन्हाळ्यात नदी जमिनीखाली जाते आणि कोरड्या पात्रातून त्या बोगद्यात चालत जाता येतं. गोटे गुळगुळीत आहेत, बूट चांगले हवेत. मुलगी खूश होईल.

तुलुझकरीण

इथे राहतेय म्हणून दोन्ही पार्ट्यांना थोडं गार पाणी. पावसाचा अंदाज असेल तर त्या बोगद्यात पाऊलही टाकू नका. या भागातल्या नद्या शरदातल्या वादळी पावसात बघता बघता फुगतात.

मिनेर्वला मुक्काम मी सुचवणार नाही. दुकान म्हणाल तर पर्यटकांपुरतं. खाली ओलोन्झाक गावात राहा. मंगळवारी बाजार भरतो: ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज, जर्दाळू. आणि जेवणाची वेळ पाळा हो! बारा ते दोन. अडीचला पोचलात तर 'स्वयंपाकघर बंद' ऐकावं लागेल, मग संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत बिस्किटं. शाकाहाऱ्यांनी ऑम्लेट चालतं का ते घरूनच ठरवून यावं.

कोरडा_ठणठणीत

सगळा मुलूख वाइनचा. न पिणाऱ्याने तिथे करायचं काय? पाट्या वाचायच्या?

तुलुझकरीण

@कोरडा, कनाल दू मिदीवर सायकल चालवा. १६८१मध्ये पुरा झालेला, तुलुझपासून भूमध्य समुद्राला जोडणारा २४० किलोमीटरचा कालवा आहे, काठावरून सपाट वाट. सावलीची खात्री मात्र देत नाही. काठचे चिनार बुरशीच्या रोगाने हजारोंनी कापावे लागले, नवी झाडं अजून लहान आहेत.

निफाडकर

तुम्ही सगळे दगडांवर भांडताय. चहूबाजूंनी शेती आहे, तिच्याबद्दल कोणी बोलेना.

मी द्राक्षवाला, म्हणून मला तिथे द्राक्षंच दिसली. आमच्याकडे मांडव नाहीतर वाय आकाराचे अँगल, तारा, ठिबक, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिथे कारिन्यान या वाइनच्या द्राक्षाच्या जुन्या बागांना तारच नाही. गुडघ्याएवढं खोड, वर चार-पाच हात फुटलेले, झुडूपच म्हणा. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात वेल झोपलेला असताना. खाली पांढरी चुनखडीची खडी, मधे माती शोधावी लागते. एका वेलाला किती घड, विचारू नका. आमच्या गड्याने बघितलं तर बाग मोडायला सांगेल.

आणि मोडतायतच. वाइनला उठाव नाही, वर दुष्काळ. २०२४मध्ये सरकारनेच बाग कायमची काढायला हेक्टरी ४००० युरो देऊ केले. ओद आणि एरो या दोन्ही जिल्ह्यांत रस्त्याच्या कडेला उपटलेल्या खोडांचे ढीग दिसतात. वास्तविक हेच बघायला थांबलं पाहिजे.

मिनेर्वला १२१० साठी सगळे जातात. तिथून फार लांब नाही ते अर्जेलिए गाव. १९०७ साली भाव पडले, साखर घालून केलेली भेसळीची वाइन बाजारात आली, तेव्हा मार्सलँ आल्बेर नावाच्या तिथल्या द्राक्षवाल्याने गावातल्या ८७ जणांना घेऊन मोर्चा काढला. तीन महिन्यांत माँपेलिए शहरातल्या सभेला लाखो लोक. नार्बोन शहरात सैन्याने गोळ्या घातल्या, माणसं मेली, आणि १७ व्या रेजिमेंटच्या शिपायांनी, त्याच भागातली पोरं ती, बंड केलं. भेसळीविरुद्ध कायदा त्यातूनच आला. पर्यटकांच्या यादीत अर्जेलिए आहे का? नाही. तिथे बुरूज नाही ना!

सह्यवेडा

+१. अर्जेलिएची माहिती नवी. तरी कार्कासोनला जाणारच.

उनाड_पावलं

@निफाडकर, मुद्दा दमदार, पण उपटलेली खोडं बघायला घरच्यांना कसं पटवू? दीड लाखाचं तिकीट काढून बागायतदाराचं दुःख बघायला चला, असं म्हणू?

निफाडकर

घरच्यांना विहीर दाखवा, मग गाडी उत्तर-पूर्वेला सँ-जाँ-द-मिनेर्व्वा गावाला काढा. मस्कात द्राक्षाची गोड वाइन होते, आंबवण मधेच स्पिरिट घालून थांबवतात म्हणून साखर शिल्लक राहते. न पिणाऱ्यांनी वास घ्यावा, तेवढ्यानेही कळतं. शेतकऱ्याशी बोलायचं असेल तर सप्टेंबर टाळा. तोडणी चालू असते, त्याला पाहुण्याकडे बघायला वेळ नसतो. मे महिन्यात जा.

गणिती_काका

मे महिन्यात मुलीला सुट्टी आहे. आई-बाबा कार्कासोनला राहतील, आम्ही बाकीचे एका दिवसाची गाडी घेऊ. पण @तुलुझकरीण, मंगळवार धरायचा तर ओलोन्झाकचा बाजार दुपारी उठतो की दिवसभर असतो?

तुलुझकरीण

सकाळचाच असतो. आधी बाजार, तिथेच डबा भरून घ्या, मग वर मिनेर्वला. उलटं केलंत तर रिकामी पिशवी घेऊन परत याल.