टँकर उभा आहे, डिप कमी भरतेय, उतरवून घेऊ की परत पाठवू?

पेट्रोलचा टँकर सकाळपासून पंपावर उभा आहे. डिप, म्हणजे दांडीने मोजलेली पेट्रोलची पातळी, कमी आहे. ड्रायव्हर म्हणतो गारव्यामुळे, सही करा. आमची टाकी तळाला चालली आहे. घेऊ की नको, एवढंच सांगा.

पितळी दांडी
कोणत्या कप्प्यात कमी? किती मिमी? जागा सपाट आहे का? गाडी लागल्यावर पेट्रोल स्थिर व्हायला दहा मिनिटं दिलीत का? सगळे कप्पे सारखेच कमी असतील तर तापमान. एकच कमी असेल तर कप्प्याच्या तळाचा गळका फूट व्हॉल्व्ह, वाकलेला डिप पाइप किंवा वाटेत हात मारलेला. सील-लॉकही बघा.

धागाकर्ता
१२ केएल (१२ हजार लिटर), चार-चार हजारांचे तीन कप्पे. ८, ७ आणि ८ मिमी कमी. काँक्रीट सपाट आहे. सील ठीक. काल दुपारी पानेवाडीच्या डेपोत भरला, रात्रभर पाऊस.

पितळी दांडी
चलनावरची (मालासोबतच्या कागदावरची) घनता, भरतानाचं तापमान? आत्ताचं दोन्ही? आणि कॅलिब्रेशन चार्टवर (मिमीचे लिटर सांगणारा तक्ता) प्रूफ लेव्हलजवळ, म्हणजे कप्पा भरल्याच्या खुणेजवळ, एका मिमीला किती लिटर?

धागाकर्ता
चलनावर १५ अंशाला ७४४.८, भरताना ३४ अंश. आत्ता हायड्रोमीटर ७३४, थर्मामीटर २७. मिमीला साधारण ४ लिटर.

पितळी दांडी
मग हिशेब बसतो. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के आकसतं. ४००० लिटर, ७ अंश, म्हणजे जवळपास ३४ लिटर. तुमचे ८ मिमी म्हणजे ३२. २७ अंशाची ७३४ घनता १५ अंशाला आणली की ७४५ च्या आसपास येते. चलनाशी ३ पर्यंतचा फरक चालतो, तुमचा त्याच्या खूप आत आहे. माल बरोबर आहे. नमुना काढून सील करून ठेवा आणि रजिस्टरमध्ये तापमानासकट नोंद करा.

फोमवाला
मागच्या पाटीवर १२०३ (पेट्रोलचा धोकादायक मालातला क्रमांक) आणि त्यावर ३वायई लिहिलेलं आहे का बघा. ३ म्हणजे आगीवर फोम, ई म्हणजे आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा.

धागाकर्ता
पाटी आहे. पण हे मी विचारलं नव्हतं.

अर्थिंग आधी
मला वेगळीच काळजी आहे. मॅनहोल उघडून डिप घेतलीत, तेव्हा अर्थिंग लावलं होतं का?

धागाकर्ता
क्लिप तुटली आहे. ड्रायव्हरने तार गुंडाळली आहे, चासीला.

घाटमार्ग
मागे साखळी लोंबते ना, ती जमिनीला टेकली की पुरे. बरेच लोक एवढ्यावरच उतरवतात.

अर्थिंग आधी
नाही पुरे. कोरडं डांबर-काँक्रीट वीज नीट वाहून नेत नाही, साखळीवर भरवसा ठेवता येत नाही. पेट्रोल पाइपातून वाहताना घर्षणाने स्थिर विजेचा भार साठतो आणि ते स्वतः वाईट वाहक असल्याने तो लवकर उतरत नाही. हवेत वाफ १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगी पुरते. शिवाय वाफ हवेपेक्षा जड, मॅनहोलमधून उतरून जमिनीलगत पसरते. चासीच्या रंगावर गुंडाळलेली तार म्हणजे संपर्कच नाही.

क्रम असा: इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, दोन डीसीपी (कोरड्या पावडरचे, आग विझवायचे) सिलिंडर हाताशी. मग रंग नसलेल्या धातूवर अर्थिंगची क्लिप, आणि त्यानंतरच मॅनहोल. उतरवताना होज घट्ट बसवा, भरण पाइप टाकीच्या तळाजवळ जाणाराच हवा. वरून पडणारं पेट्रोल शिंतोडे उडवतं, वाफ आणि भार दोन्ही वाढतात. क्लिप सगळ्यात शेवटी काढायची.

घाटमार्ग
क्लिपसाठी टँकर अडवून ठेवायचा? डिटेन्शन (गाडी थांबवल्याचं भाडं) कोण देणार?

अर्थिंग आधी
डिटेन्शनचे पैसे देता येतात. क्लिप येईपर्यंत मॅनहोल बंद ठेवा आणि टँकरजवळ मोबाइल, विडी, नायलॉनचे कपडे नको.

पितळी दांडी
हे मान्य. आणखी एक: उतरवण्याआधी तुमच्या भूमिगत टाकीत पाणी तपासा. पावसात मॅनहोलच्या झाकणातून झिरपतं. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं, प्रमाण वाढलं की वेगळा थर तळाशी बसतो. दांडीला लावून पाणी ओळखायची साधी पाणी-पेस्ट तो थर नीट दाखवत नाही, इथेनॉलसाठीची वेगळी पेस्ट मिळते, तीच लावा.

चालक परवाना
ड्रायव्हरकडे धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाची लायसन्सवरची नोंद पण बघून घ्या, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९.

धागाकर्ता
लायसन्स बघतो. क्लिप शेजारच्या पंपावरून मागवली आहे. मोकळा धातू कुठे मिळेल, टँकरच्या टाकीला सगळीकडे रंग आहे.

अर्थिंग आधी
टाकीला वेल्ड केलेली अर्थिंगची पट्टी असते, बहुधा डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या बाजूला. तिच्यावर रंग चढला असेल तर मॅनहोल सगळे बंद असतानाच हाताने पॉलिश पेपरने घासून घ्या. ग्राइंडर नको.